छतावर पॅनल किती? आधी बारा महिन्यांची बिलं काढा

अमळनेरच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात देतो.

“आमचं स्लॅबचं घर आहे, गच्ची २२ बाय ३० फूट. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. उन्हाळ्यात दोन कूलर चालतात. पुढच्या वर्षी सासऱ्यांच्या खोलीत दीड टनाचा एसी घ्यायचा आहे, त्यांना ऊन सोसत नाही. सोलरवाला येऊन गेला. तो म्हणतो पाच किलोवॉट लावा, मेचं बिलसुद्धा शून्य येईल. जळगावचे मोठे दीर म्हणतात तीन किलोवॉटच लावा, सबसिडी तिथपर्यंतच वाढते. शेजाऱ्यांकडे सात जुने पॅनल आहेत, ते म्हणतात सात पुरतात. सासूबाईंना काळजी आहे की बिबडे-कुरडया कुठं वाळत घालायच्या. शेतात विहिरीवर मोटर आहे, ती यातच चालेल का? नेमके किती पॅनल लावायचे ते सांगा. मागच्या वर्षभराचे युनिट बिलावरून उतरवून पाठवते आहे: एप्रिल ३१८, मे ३४२, जून २८६, जुलै १८८, ऑगस्ट १७२, सप्टेंबर १७८, ऑक्टोबर १९६, नोव्हेंबर १२६, डिसेंबर ११६, जानेवारी ११८, फेब्रुवारी १२४, मार्च १९६.”

ताई, तुम्ही बिलाचे रुपये न लिहिता युनिट लिहिलेत, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. बहुतेक पत्रांत “आमचं बिल तीन हजार येतं” एवढंच असतं. त्या तीन हजारांत स्थिर आकार असतो, वहन आकार असतो, वीज शुल्क असतं, कधी मागची थकबाकीही असते. त्यावरून पॅनल निघत नाहीत. खोल्या मोजूनही निघत नाहीत. चार खोल्यांच्या एका घरात महिन्याला ऐंशी युनिट लागतात, तशाच दुसऱ्या घरात चारशे.

तुमच्या बारा महिन्यांची बेरीज २३६० युनिट होते. त्यात येणारा एसी मिळवू. दीड टनाचा पाच स्टारचा इन्व्हर्टर एसी खोली एकदा थंड झाली की तासाला एक युनिटाच्या आसपास घेतो. मार्चअखेरीपासून जून संपेपर्यंत रात्रीचे पाच-सहा तास धरले तर ५५० युनिट होतील. मी ते मार्चला ५०, एप्रिलला १७०, मेला २०० आणि जूनला १३० असे वाटले आहेत. एसी आला की त्या खोलीतला कूलर बंद राहील, पण ती बचत मी वजा केलेली नाही, कारण हिशेब थोडा कडक असलेला बरा. एकूण वर्षाची गरज झाली २९१० युनिट.

आता पॅनलकडे येऊ. आपल्याकडे एक किलोवॉटचे पॅनल दिवसाला सरासरी चार युनिट देतात असं सगळे सांगतात. तो आकडा खोटा नाही, पण तो स्वच्छ पॅनलचा आणि सावली नसलेल्या गच्चीचा आहे. खानदेशात मी वर्षाला किलोवॉटमागे १३५० युनिट धरतो, म्हणजे दिवसाला ३.७. एक कारण धूळ. दुसरं कारण ऐकून पुष्कळ जणांना आश्चर्य वाटतं: आपलं ऊन. पॅनलवर छापलेले वॉट हे पॅनलचं तापमान २५ अंश असताना मोजलेले असतात. भुसावळ-जळगावला मेमध्ये हवाच ४५ अंशांवर जाते, आणि उन्हात तापलेला पॅनल हवेपेक्षाही वीस-पंचवीस अंशांनी जास्त गरम असतो. म्हणजे तो सत्तरच्या आसपास पोहोचतो. नेहमीच्या मोनो, म्हणजे सध्या मिळणाऱ्या काळ्या पॅनलची ताकद दर अंशाला साधारण ०.३५ टक्क्यानं उतरते. पंचेचाळीस अंश जास्त म्हणजे भर दुपारी सोळा टक्के ताकद गेली. पॅनलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. म्हणून पॅनल स्लॅबला चिकटवून बसवू देऊ नका, खालून वारा खेळायला जागा ठेवायला सांगा. तरीसुद्धा खानदेश सोलरला उत्तमच आहे. पावसाळा सोडला तर आकाश मोकळं असतं, आणि साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून उगाच उभा नाही.

२९१० ला १३५० नं भागलं की २.१५ किलोवॉट येतात. सध्या ५४० वॉटचे पॅनल सर्रास मिळतात. असे चार लावले की २.१६ किलोवॉट झाले. हिशेब अगदी तंतोतंत जुळला.

बहुतेक जण इथंच थांबतात. सोलर लावून वर्ष झालं की मग विचारतात, “बेरीज तर जुळत होती, मग मेचं बिल आलं कसं?” ताई, हे नीट समजून घ्या, कारण खानदेशातल्या घराचा पॅनलचा आकडा याच ठिकाणी ठरतो.

दिवसा घरात लागून उरलेली वीज नेट मीटरमधून, म्हणजे घेतलेली आणि दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरमधून, महावितरणच्या लाइनीत जाते आणि रात्री तुम्ही ती परत घेता. महिन्याच्या शेवटी दिलेले युनिट जास्त असले तर ते पुढच्या महिन्याला जमा होतात, त्याच्या पुढच्या महिन्यालाही जातात. पण ही जमा ३१ मार्चला संपते. त्या दिवशी शिल्लक असलेले युनिट महावितरण विकत घेतं, तेही तुम्ही ज्या दरानं वीज घेता त्याच्या मानानं बऱ्याच कमी दरानं. १ एप्रिलला तुमचं खातं पुन्हा कोरं होतं.

आता आपलं हवामान बघा. आपली सगळ्यात जास्त वीज लागते एप्रिल, मे आणि जूनमध्ये, म्हणजे खातं कोरं झाल्याबरोबर. आणि शिल्लक साठते कधी? मुख्यतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी, जेव्हा पंखेसुद्धा बंद असतात. ही हिवाळ्याची शिल्लक उन्हाळ्याच्या तोंडावर निघून जाते. आर्थिक वर्ष जर ऑक्टोबरला सुरू होत असतं तर चार पॅनलमध्ये तुमचं जवळजवळ सगळं भागलं असतं. ते तसं नाही, म्हणून वर्षाची सरासरी आपल्याकडे फसवते.

तुमचेच आकडे महिन्यावार मांडतो. एका किलोवॉटमागे एप्रिल-मेमध्ये साधारण १३५ युनिट मिळतात, जूनमध्ये १०५, जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे ८०, आणि थंडीत ११० ते ११५. हे अंदाज आहेत, एखादं वर्ष दहा टक्के इकडचं तिकडं होईल. चार पॅनल एप्रिलला २९२ युनिट देतील आणि एसीसकट तुम्हाला ४८८ लागतील: तूट १९६. मेला पुन्हा २९२ मिळतील, लागतील ५४२: तूट २५०. जूनला तूट १८९. जुलै-ऑगस्ट जेमतेम सुटतात. वर्षभरात मिळून साडेसहाशेच्या आसपास युनिट तुम्ही विकत घ्याल, आणि सप्टेंबर ते मार्च जवळजवळ तेवढेच युनिट शिल्लक टाकून ३१ मार्चला स्वस्तात देऊन बसाल.

मग पॅनल वाढवावेत का? सोलरवाल्याचं म्हणणं खोटं नाही. पाच किलोवॉट मेमध्ये पावणेसातशे युनिट देतील आणि मेच्या बिलात विजेचा आकार शून्य येईल. स्थिर आकार तरीही भरावाच लागतो, ते त्यानं सांगितलं का, विचारा. पण हेच पाच किलोवॉट वर्षाला ६७५० युनिट देतील आणि तुमची गरज २९१० आहे. एका महिन्याचं बिल पुसण्यासाठी तुम्ही दुपटीहून मोठं सोलर घ्याल आणि निम्म्याहून जास्त वीज स्वस्तात देऊन टाकाल. मेच्या बिलावरून पॅनल मोजणारा माणूस स्वतःचा धंदा मोजत असतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाचव्या पॅनलचा विचार मात्र मी मन लावून केला. एक जादा पॅनल वर्षाला सव्वासातशे युनिट देईल. त्यातले सव्वादोनशेच तुमची खरेदी कमी करतील. बाकी पाचशे शिल्लकीत जातील आणि मार्चअखेर निघून जातील. शिवाय एक गोष्ट लक्षात घ्या. विजेचा दर टप्प्याटप्प्यानं चढतो: शंभरपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा आणि पाचशेच्या पुढे चौथा. एसी आल्यावर सोलर नसताना तुमचा मे चौथ्या टप्प्यात गेला असता. चार पॅनल लावले की उरलेले २५० युनिट दुसऱ्या टप्प्यातच राहतात. म्हणजे सगळ्यात महाग युनिट पहिले चार पॅनलच खाऊन टाकतात, आणि पाचव्याच्या वाट्याला स्वस्त टप्प्यातले युनिट येतात.

त्यापेक्षा पंखे बदला. घरातले जुने पंखे ७५ वॉटचे असणार. बीएलडीसी पंखा, म्हणजे ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा, ३० वॉटच्या आसपास चालतो. तीन पंखे, दिवसाला बारा तास धरले तर रोज १.६ युनिट वाचतात, महिन्याला जवळजवळ पन्नास. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत दीडशे युनिट, तेही नेमके तूट असते तेव्हाच. पाचव्या पॅनलचं बरंचसं काम हे तीन पंखे करतात, खर्च त्याहून कितीतरी कमी, आणि त्यांना ना परवानगी लागते ना नेट मीटर. सोलरवाला हे सांगणार नाही, पण कुठल्याही घरात सोलरच्या आधी करायचं काम हेच आहे. आधी वीज कमी लागेल असं करावं, मग उरलेली बनवावी.

तर माझं उत्तर असं: ५४० वॉटचे चार पॅनल आणि तीन नवे पंखे. एसीचा बेत रहित झाला तर तीन पॅनलसुद्धा चालतील, फक्त उन्हाळ्यात थोडं बिल येईल. पुढं मुलं मोठी झाली, विजेवरची स्कूटर आली, दुसरा एसी आला, तर पॅनल वाढवायला वाव असावा म्हणून सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात चालेल अशी करून देणारं यंत्र, तीन किलोवॉटचा घ्या आणि शेजारी दोन पॅनलची जागा मोकळी ठेवा. वाढवायच्या वेळी महावितरणची परवानगी पुन्हा घ्यावी लागेल, एवढं लक्षात ठेवा.

शेजाऱ्यांच्या सात पॅनलवर जाऊ नका. तुम्हीच लिहिलंय की ते जुने आहेत. जुने पॉली, म्हणजे आधीच्या पद्धतीचे निळे पॅनल बहुधा ३३५ वॉटच्या आसपासचे असायचे. तसे सात म्हणजे २.३५ किलोवॉट, म्हणजे आजच्या चार-साडेचार पॅनलएवढे. वॉट विचारल्याशिवाय पॅनलची संख्या काहीच सांगत नाही. सोलरवाल्याच्या कागदावर “पाच किलोवॉट” लिहिलं असेल तर पॅनल किती, प्रत्येक किती वॉटचा आणि इन्व्हर्टर किती किलोवॉटचा, हे तीन आकडे वेगवेगळे लिहून मागा. कधी कधी पाच किलोवॉट फक्त इन्व्हर्टर असतो आणि पॅनल त्याहून कमी असतात.

दिरांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. तिच्यात पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० मिळतात, म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. तुमच्या चार पॅनलना साठ हजारांच्या थोडं पुढे मिळतील. आणखी पंधरा हजारांसाठी दोन पॅनल जास्त घेतले तर त्यांचा उरलेला खर्च तुमच्याच खिशातून जाईल. पहिल्या दोन किलोवॉटना सरकारनं ठरवलेल्या खर्चाच्या साठ टक्के मिळतात, तिसऱ्याला चाळीसच. सबसिडी जास्त मिळते म्हणून वीज जास्त लागत नाही.

या योजनेच्या दोन-तीन गोष्टी सांगून ठेवतो. सबसिडीसाठी पॅनल भारतात बनलेल्या सेलचे लागतात, दुकानदार त्यांना डीसीआर म्हणतात. त्यांची किंमत थोडी जास्त असते, म्हणून कुणी फार स्वस्त भाव दिला तर आधी हे विचारा. सबसिडी काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर खात्यात जमा होते, सुरुवातीला पैसे तुम्हालाच उभे करावे लागतात किंवा बँकेचं कर्ज घ्यावं लागतं. अर्ज वीज जोडणी ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याच नावानं करायचा. जोडणी सासऱ्यांच्या नावावर असेल तर बँक खातंही त्यांचंच द्या. आणि मंजूर भार बिलावर किती लिहिलाय ते बघून ठेवा, सोलर त्याहून जास्त असेल तर भार वाढवावा लागतो.

आता गच्ची. ५४० वॉटचा पॅनल साधारण साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असतो. चार शेजारी शेजारी लावले तर १५ बाय साडेसात फूट जागा लागते. बाजूनं पुसायला, चालायला जागा धरली तरी दोनशे चौरस फुटांत काम होतं. तुमची गच्ची ६६० चौरस फूट आहे. सासूबाईंना सांगा, वाळवणाला दोन तृतीयांश गच्ची मोकळी राहते. उंच सांगाड्याचा आग्रह कुणी धरेल, “खाली वाळवणही घालता येईल” म्हणेल. ते ऐकू नका. पॅनलखाली सावली असते, आणि सावलीत कुरडई वाळत नाही, आंबते. उंच सांगाडा उन्हाळ्यात गच्चीवर झोपायला किंवा खालच्या खोल्या थोड्या थंड ठेवायला उपयोगी पडतो हे खरं, पण त्याचा खर्च वाढतो आणि वारा जास्त लागतो. मे-जूनच्या वादळात रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा कशा आडव्या होतात ते आपण दरवर्षी बघतो. चार पॅनलचं वजन शंभर-सव्वाशे किलोच असतं, स्लॅबला ते काहीच नाही. खरी भीती वारा खालून शिरून पॅनल उचलण्याची असते. म्हणून सांगाडा बुटका असो की उंच, जस्ताचा मुलामा दिलेला, आणि स्लॅबला काँक्रीटच्या ठोकळ्यात पक्का धरलेला हवा. स्लॅबला भोकं पाडली तर ती त्याच दिवशी वॉटरप्रूफ करून घ्या, नाहीतर पावसाळ्यात गळती खाली खोलीत येईल.

जागा कुठली, हे ठरवताना सावली बघा. आणि ती आत्ता बघून भागत नाही. अमळनेर २१ अंश अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस असतो तो. त्या दिवसांत गच्चीवर उभं राहिलं तर पाण्याची टाकी, जिन्याची खोली, कठडा यांची दुपारी सावलीच दिसत नाही. सोलरवाला मेमध्ये आला असेल तर त्याला सगळी गच्ची स्वच्छ दिसली असणार. डिसेंबरात मात्र सूर्य दक्षिणेला कलतो आणि भर दुपारीसुद्धा ४५ अंशांच्या आसपासच चढतो. त्या वेळी कुठल्याही वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी पडते, उत्तरेकडं. सकाळी नऊला आणि दुपारी तीनला तर उंचीच्या जवळजवळ दुप्पट. यावरून तुम्ही आजच टेप घेऊन मोजू शकता. दक्षिणेचा कठडा तीन फूट असेल तर त्याच्या आत तीन-चार फूट जागा सोडा, किंवा पॅनलची खालची कड कठड्याच्या उंचीला आणा. जिन्याची खोली आठ फूट असेल तर तिच्या उत्तरेला आठ-दहा फुटांत पॅनल नको. टाकी पॅनलच्या उत्तर बाजूला गेली तर उत्तम, कारण हिवाळ्यात तिची सावली पॅनलपासून दूर पडेल.

सावलीबद्दल मी इतकं लिहितोय ते यासाठी की पॅनल एकापुढे एक जोडलेले असतात. पाटात एका जागी ढेकूळ अडकलं की पुढच्या सगळ्या वाफ्यांचं पाणी कमी होतं, तसं एका पॅनलच्या कोपऱ्यावर सावली आली की सगळ्या रांगेची वीज उतरते. पॅनलमध्ये त्यावर उपाय म्हणून डायोड असतात, त्यांनी नुकसान कमी होतं, थांबत नाही. शेजाऱ्याच्या अंगणात कडुनिंब असेल तर तो आज किती उंच आहे यापेक्षा दहा वर्षांनी किती होईल हे बघा. पॅनल पंचवीस वर्षं राहायचे आहेत. तोंड दक्षिणेला आणि कल वीस अंशांच्या जवळपास ठेवायचा. घर थोडं वाकडं असेल आणि पॅनल आग्नेयेला किंवा नैऋत्येला वळले तर फारसं बिघडत नाही, त्यासाठी सांगाड्याचा खर्च वाढवू नका.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो फार लोकांना नंतर बोचतो. लाइट गेली की हे सोलर बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. लाइनीवर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छतावरची वीज लागू नये म्हणून ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. ते सुरक्षेसाठी आहे आणि तसंच असायला हवं. त्यामुळे घरातला सध्याचा बॅटरीवाला इन्व्हर्टर विकू नका. हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घेतली तर लाइट गेल्यावरही चालतं, पण खर्च बराच वाढतो आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. तुमच्याकडे तास-दोन तासच लाइट जात असेल तर जुनी बॅटरीच पुरेशी आहे.

धुळीचं काम घरातल्या कुणाच्या तरी अंगावर पक्कं सोपवा. फेब्रुवारी ते जून आठ-पंधरा दिवसांनी पुसायचं, सकाळी लवकर, काच थंड असताना. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. बोअरचं पाणी जड असेल तर त्याचे पांढरे डाग काचेवर बसतात, मग ते निघत नाहीत. त्यासाठी नळाचं पाणी आणि मऊ फडकं वापरा. पावसाळ्यात पाऊसच धुऊन काढतो. योजनेतून काम करणाऱ्या विक्रेत्यानं पाच वर्षं देखभाल करायची असते. ते करारात लिहून घ्या, तोंडी वचनावर सोडू नका.

काम कधी करायचं, हेही पॅनलच्या संख्येइतकंच महत्त्वाचं आहे. ३१ मार्चचा नियम लक्षात घेतला तर उत्तर सरळ आहे. नेट मीटर मार्च संपायच्या आत लागलं पाहिजे, म्हणजे एप्रिल-मेची वीज पूर्ण हातात येते. ऑक्टोबरात लावलंत तर पहिले सहा महिने बरीचशी वीज शिल्लकीत जाईल आणि मार्चअखेर स्वस्तात निघून जाईल. अर्ज, तपासणी, मीटर यात वेळ जातो, म्हणून डिसेंबरातच सुरुवात करा. डिसेंबरात गच्चीवरची सावलीही तुम्हाला डोळ्यांनी दिसेल, दोन्ही कामं एकदम होतील. नेट मीटरिंगचे नियम राज्याचा वीज नियामक आयोग अधूनमधून बदलतो, तेव्हा अर्ज भरताना महावितरणच्या कार्यालयात शिल्लक युनिटांचा चालू नियम विचारून घ्या. त्यात काही फरक झाला असेल तर वरचा महिन्यावारीचा हिशेब त्या नियमानं पुन्हा मांडा. तुमचे बारा आकडे तेच राहतील.

राहिली विहिरीवरची मोटर. ती यात बसत नाही. शेतीची जोडणी वेगळी, दर वेगळा, मीटर वेगळं, आणि घराच्या छतावरची वीज शेतातल्या मोटरला हिशेबात धरता येत नाही. शेतातल्या पंपासाठी राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप योजना’ आहे, पण ती ज्यांच्या शेतात पंपाला विजेची जोडणी नाही अशा शेतकऱ्यांसाठी आहे. तिच्यात शेतकऱ्याला पंपाच्या किमतीच्या दहा टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना पाच टक्के, आणि जमिनीच्या क्षेत्राप्रमाणे तीन, पाच किंवा साडेसात अश्वशक्तीचा पंप पॅनलसकट मिळतो. तुमच्या विहिरीवर विजेची जोडणी नसेल तरच सातबारा काढून यजमानांना तो अर्ज वेगळा करायला सांगा. घराच्या अर्जाशी त्याचा काही संबंध नाही, दोन्ही एकाच वेळी चालू शकतात.